स्मृतिभ्रंश : पुरावा आणि निवाडा

घरातील वडीलधाऱ्या माणसाने सकाळपासून एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा, पूजा आटोपलेली असताना पुन्हा देवघरात जाऊन बसावे, अथवा ज्या पेठेत सारा जन्म गेला त्याच पेठेत त्याला घरची वाट सापडेनाशी व्हावी, असे घडू लागले म्हणजे आपल्याकडे भोवतालची मंडळी ‘आता वयच झाले’ असे म्हणतात, आणि त्या एका वाक्यात वैद्यकीय तपासणी, शुश्रूषेची तजवीज व मालमत्तेची व्यवस्था ह्या सर्वांचा निकाल लावून मोकळी होतात. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळलेली आहे की, तिच्या आड एक फार मोठा वैद्यकीय गैरसमज दडलेला आहे ह्याचे कोणास भान राहिलेले नाही. वृद्धापकाळी एखादे नाव चटकन आठवू नये, चष्मा कोठे ठेवला हे ध्यानात राहू नये, हे स्वाभाविक होय. परंतु चष्मा हातात असताना तो कशासाठी असतो हेच न उमगणे ही मेंदूतील बिघाडाची खूण होय, आणि ती ज्याच्या ठायी दिसते तो मनुष्य पन्नाशीचा असो वा पंच्याऐंशीचा असो, त्याला व्याधी जडलेली आहे असेच समजले पाहिजे.

ह्या गैरसमजाचा सारा दोष सामान्य जनांच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. कारण पंडितांनीही तो साठ वर्षांहून अधिक काळ जोपासला होता, आणि त्यांच्या त्या चुकीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ते डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. पतीविषयी अकारण संशय, वस्तू भलत्याच ठिकाणी लपवून ठेवणे, स्वतःचे नाव लिहावयास घेऊन मध्येच थबकणे, अशी तिची लक्षणे होती. आलॉइस आल्झायमर ह्या वैद्याने तिची प्रश्नोत्तरे बारकाईने टिपून ठेवली, पुढे तो म्युनिकला गेला तरी तिची विचारपूस सोडली नाही, आणि एप्रिल १९०६ मध्ये ती निवर्तल्यावर तिचा मेंदू मागवून घेऊन चांदीच्या क्षारांनी रंगविलेले त्याचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यास दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर विखुरलेले एका अनोळखी द्रव्याचे साठे, आणि पेशींच्या आत जाड तंतूंचे गुंते. त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत त्याने हा वृत्तांत वाचला, तेव्हा जमलेल्या वैद्यांपैकी एकानेही प्रश्न विचारला नाही. १९१० साली त्याचा वरिष्ठ एमिल क्रेपेलिन ह्याने आपल्या पाठ्यग्रंथात ह्या व्याधीस आल्झायमरचे नाव दिले, आणि ती वार्धक्यापूर्वी येणारी एक दुर्मीळ व्याधी म्हणून वेगळी काढली.

नेमक्या त्याच सुमारास प्रागच्या जर्मन विद्यापीठात ऑस्कर फिशर नावाचा एक वैद्य वृद्ध स्मृतिभ्रष्टांचे मेंदू तपासत होता, आणि १९०७ साली त्याने असे प्रसिद्ध केले की, आपण पाहिलेल्या सोळांपैकी बारा वृद्धांच्या मेंदूंत हेच साठे आढळले. जो विकार एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीला झाला तोच ‘वय झालेल्या’ वृद्धांनाही होतो, ही गोष्ट ह्या निरीक्षणाने तेव्हाच सिद्धीच्या उंबरठ्यावर आणून ठेवली होती. परंतु क्रेपेलिनच्या ग्रंथाचा अधिकार मोठा होता आणि फिशरचे नाव मागे पडले. तो ज्यू कुळातला असल्यामुळे पुढे नाझी अंमलाखाली त्यास अटक झाली आणि १९४२ मध्ये तेरेझीनच्या बंदिवासात त्याचा अंत झाला. त्याचा मुद्दा वैद्यकाने पुन्हा हाती घेतला तो १९६८ साली, जेव्हा इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ ह्या तिघांनी वृद्धांच्या मेंदूतील साठ्यांचे प्रमाण आणि त्यांच्या हयातीतील बुद्धिनाशाची तीव्रता ह्यांचा संबंध मोजून दाखविला. आणि १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन ह्या अमेरिकन वैद्याने तरुण वयातील व वृद्ध वयातील हा विकार एकच आहे असे निःसंदिग्धपणे लिहिले. वयाची एक मर्यादा आखून तिच्या अलीकडच्यास रोगी आणि पलीकडच्यास केवळ म्हातारा ठरविणारा शास्त्रातील समज तेथे संपला. आपल्या घरांतून तो अद्याप संपलेला नाही.

हे साठे कशाचे असतात? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी होय. पण ती साखळी नेमक्या रीतीने वळून आणि दुमडून आपल्या ठरीव आकारात बसते तेव्हाच कामाची होते. अशा साखळीला कोणकोणत्या कोनांतून वळता येते ह्याचा जो आलेख मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन ह्यांनी १९६३ साली मांडला, तो आजही जगभर प्रथिनांच्या रचना पारखण्यासाठी प्रमाण मानला जातो, ही गोष्ट ह्या प्रसंगी अभिमानाने नमूद करावीशी वाटते. पेशीत चुकीचे वळलेले प्रथिन सरळ करणारे साहाय्यक रेणू असतात आणि बिघडलेल्याचे तुकडे करून विल्हेवाट लावणारी यंत्रणाही असते. परंतु उतारवयात ही देखरेख मंदावली, अथवा जनुकीय दोषामुळे बिघडलेला माल अधिक निर्माण होऊ लागला, म्हणजे चुकीच्या आकाराचे रेणू एकमेकांस चिकटतात, त्यांचे थर रचले जातात, थरांचे तंतू होतात, आणि ते तंतू पेशीच्या विकरांस सहजासहजी दाद देत नाहीत. ह्याहून भयंकर गोष्ट अशी की, चमचाभर विरजण पातेलेभर दुधाला आपल्यासारखे करते तद्वत बिघडलेला रेणू शेजारच्या निरोगी रेणूसही आपला आकार देतो. प्रथिनांच्या ह्या संक्रामक वृत्तीचा शोध स्टॅनले प्रुसिनर ह्यांनी दुसऱ्या एका रोगवर्गात लावला आणि १९९७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र एवढ्यावरून कोणी असे समजू नये की स्मृतिभ्रंश हा रुग्णाच्या स्पर्शाने, उष्ट्याने वा सहवासाने होतो. तो तसा होत नाही, आणि रुग्णाचे ताट वेगळे ठेवणाऱ्या घरांत हे ठासून सांगितले पाहिजे.

आल्झायमरने पाहिलेले बाहेरचे साठे बीटा-अमिलॉइड नावाच्या प्रथिनखंडाचे, आणि पेशीच्या आतले गुंते ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनाचे. पार्किन्सनच्या व्याधीत आणि लेवी-पिंडांच्या स्मृतिभ्रंशात आल्फा-सायन्यूक्लिन साचते, तर २००६ साली ‘टीडीपी-४३’ नावाचे आणखी एक प्रथिन ह्या यादीत दाखल झाले. ह्या सर्वांत बीटा-अमिलॉइडची कथा सर्वांत अधिक गाजली, आणि ती गाजण्यास सबळ कारणेही होती. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग ह्यांनी तो खंड वेगळा काढला. तो ज्या मोठ्या प्रथिनापासून तुटतो त्याचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर सापडले. आणि ज्यांना हे गुणसूत्र जन्मतः तीन प्रतींत लाभते त्या डाउन सिंड्रोमच्या व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत हे साठे जमतात ह्या जुन्या निरीक्षणाचा उलगडा झाला. १९९१ साली त्याच जनुकातील एका बदलामुळे पिढ्यानुपिढ्या अकाली स्मृतिभ्रंश होणारे कुटुंब आढळले; पुढे आइसलँडमध्ये उलट प्रकारचा, म्हणजे अमिलॉइड कमी निर्माण करून व्याधीपासून संरक्षण देणारा बदलही सापडला. १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स ह्यांनी असा सिद्धांत मांडला की, अमिलॉइडचे साचणे हे मूळ आणि टाऊचे गुंते, पेशींचा नाश व बुद्धीचा ऱ्हास ही त्याची क्रमाक्रमाने येणारी फळे होत. तेव्हापासून औषधनिर्मितीचा प्रचंड पैसा आणि संशोधकांच्या पिढ्या ह्या एका सिद्धांतामागे उभ्या राहिल्या.

माझे म्हणणे असे की, ह्या सिद्धांताने गोळा केलेला पुरावा खरा आहे, पण पुरावा म्हणजे निवाडा नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे शास्त्राचे काही नुकसान झाले, आणि समाजाचे त्याहून अधिक होत आहे.

दोन उदाहरणे घेऊ. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन ह्या संशोधकाने १९८६ मध्ये ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ ह्या संघातील जोगिणींचा अभ्यास आरंभिला. ६७८ वृद्ध जोगिणींनी दरवर्षी बुद्धीच्या चाचण्या देण्याचे आणि मरणोत्तर आपला मेंदू दान करण्याचे मान्य केले. सामान्य माणसाने शास्त्रास दिलेल्या देणग्यांत ह्या दानाची गणना फार वरची करावी लागेल. त्यांपैकी एक जोगीण एकशे एकाव्या वर्षी वारली तोपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवीत होती. तिचा मेंदू तपासला असता तो साठ्यांनी आणि गुंत्यांनी भरलेला निघाला. उलटपक्षी असेही दिसले की, ज्यांच्या मेंदूत ह्या साठ्यांच्या जोडीला रक्तवाहिन्या तुंबल्याने झालेल्या लहानशा जखमा होत्या, त्यांच्या ठायी स्मृतिभ्रंश अधिक प्रमाणात प्रकट झाला होता. म्हणजे साठे तेच असताना एकीची बुद्धी टिकली आणि दुसरीची गेली, ह्या फरकात रक्तवाहिन्यांच्या आरोग्याचाही वाटा होता.

दुसरे उदाहरण कोलंबियाच्या अँटिओकिया प्रांतातील. तेथील डोंगराळ मुलखात एकाच मोठ्या गोतावळ्यातील शेकडो माणसांस एका जनुकीय दोषामुळे चाळिशीतच विसर पडू लागतो आणि पन्नाशीच्या आत पूर्ण स्मृतिभ्रंश होतो. फ्रान्सिस्को लोपेरा ह्या वैद्याने आपले आयुष्य ह्या लोकांच्या सेवेत आणि अभ्यासात घालविले. त्या गोतावळ्यातील एका स्त्रीच्या ठायी तोच दोष असूनही सत्तरी येईपर्यंत तिची स्मृती शाबूत राहिली. २०१९ साली तिच्याविषयी जो निबंध प्रसिद्ध झाला त्यात असे दाखविलेले आहे की, तिच्या मेंदूत अमिलॉइड विपुल होते, परंतु टाऊचा फैलाव अल्प होता, आणि तिच्याजवळ दुसऱ्या एका जनुकाचे एक दुर्मीळ रूप आईकडून व बापाकडून असे दोन्ही प्रतींत आलेले होते. अमिलॉइड साचले म्हणजे पुढचा सर्व क्रम अटळच, ही समजूत ह्या एका स्त्रीने ढिली केली.

औषधांचा अनुभवही ह्याच दिशेचा आहे. अमिलॉइडला चिकटून त्याची उचलबांगडी करणारे प्रतिपिंड आता उपलब्ध झाले आहेत. लेकानेमॅबला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. लेकानेमॅबची परीक्षा १,७९५ रुग्णांवर अठरा महिने झाली. त्यात मेंदूतील अमिलॉइड खरोखरच उतरले, परंतु अठरा गुणांच्या मापनश्रेणीवर औषध घेणाऱ्यांची अवनती १.२१ आणि न घेणाऱ्यांची १.६६ अशी भरली. ऱ्हास सत्तावीस टक्क्यांनी मंदावला असे जे सांगितले जाते त्याचा अर्थ हा ०.४५ गुणांचा फरक होय. गेलेली स्मृती कोणाचीही परत आली नाही. औषध घेणाऱ्या साधारणपणे आठांतील एकाच्या मेंदूत सूज दिसली, काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. शिवाय ह्या परीक्षेत दर पंधरवड्यास शिरेवाटे औषध घ्यावे लागे आणि वरचेवर एमआरआय करावा लागे. अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत २६,५०० डॉलर ठरली, म्हणजे आपल्या बावीस लाख रुपयांच्याही वर. ह्या यशास मी तुच्छ लेखीत नाही. शंभराहून अधिक वर्षांनी ह्या व्याधीचा ओघ थोडासा तरी अडविता आला, ही शास्त्राची मोठीच मजल आहे आणि तिच्यावरूनच पुढची औषधे निघतील. परंतु ‘स्मृतिभ्रंशावर इलाज सापडला’ असे मथळे वाचून जो मध्यमवर्गीय मुलगा आईच्या औषधासाठी घर गहाण टाकावयास निघेल, त्याला हे आकडे आधी सांगितले गेले पाहिजेत.

येथे आणखी एका प्रकरणाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. अमिलॉइडच्या एका विशिष्ट रूपाने उंदरांची स्मृती जाते असे प्रतिपादन करणारा, २००६ साली ‘नेचर’मध्ये आलेला आणि असंख्य वेळा आधारास घेतला गेलेला एक निबंध, त्यातील चित्रांत फेरफार आढळल्यामुळे जून २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. त्यावरून संपूर्ण अमिलॉइड-विचार खोटा ठरला असा गवगवा काहींनी केला, तो अन्यायाचा आहे. कोलंबियातील दुर्दैवी कुटुंबे आणि डाउन सिंड्रोमच्या व्यक्ती ह्यांनी दिलेली साक्ष एका निबंधाच्या माघारीने पुसली जात नाही. पण एकाच मार्गावर इतकी गर्दी झाली असता आडवाटेने जाऊ पाहणाऱ्या संशोधकास अनुदान मिळणे कठीण जाते, हे सत्यही नाकारता येणार नाही.

आता आपल्याकडे वळू. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुमानाप्रमाणे भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांस, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांस स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. ज्या मुलींना शाळेचे तोंड पाहू दिले गेले नाही त्याच आज साठी-सत्तरीच्या आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्यांचा एक अर्थ आपोआप उलगडतो. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञ-आयोगाने २०२४ मध्ये चौदा कारणांची छाननी करून असा अंदाज दिला की, ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता अथवा लांबविता येईल. बालपणीचे अपुरे शिक्षण, मध्यमवयातील बहिरेपणा, वाढलेले कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दूषित हवा, एकटेपण ही त्यांतील काही होत. ह्यांपैकी एकासही बावीस लाखांचे औषध लागत नाही. रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. नाही मिळाली तर ती मिळवून देणे हे सरकारचे काम आहे. बहिरेपणाचे तर विशेष वाईट वाटते. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याशी बोलणेच सोडून देणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि तो अबोला त्यांच्या बुद्धीस किती महाग पडतो ह्याची त्या घरांस कल्पना नसते. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली असे दाखविले की, दोन भाषा बोलणाऱ्यांत व्याधीची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा प्रकट झाली, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. सीमाभागातील मराठी-कानडी घरांनी ह्या गोष्टीची नोंद घ्यावी.

विसराळूपणा वाढला की वैद्याकडे जावे असे मी आग्रहाने म्हणतो, त्याचे आणखी एक कारण आहे. जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव, जी शाकाहारी कुटुंबांत मुळीच विरळ नाही, थायरॉइड ग्रंथीची मंदता, खोल नैराश्य, पडल्यामुळे मेंदूवर साकळलेले रक्त, किंवा अनेक औषधांचा एकत्रित परिणाम ह्यांनीही स्मृतिभ्रंशासारखी अवस्था येते, आणि ती पुष्कळदा उपचारांनी सुधारते. ‘वय झाले’ असे म्हणून घरी बसविलेल्या वृद्धांत असे बरे होण्याजोगे किती असतील, ह्या विचाराने मन अस्वस्थ होते.

जे बरे होण्याजोगे नाहीत त्यांच्या शुश्रूषेचा भार आजवर सुनांनी आणि लेकींनी मुकाट्याने उचलला आहे. ‘अस्तु’ ह्या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे ह्यांनी रंगविलेल्या संस्कृत पंडिताच्या निमित्ताने ती ओढाताण पडद्यावर आली तेव्हा अनेकांना आपलेच घर दिसले. परंतु ह्या कुटुंबांची कायद्याने जी कुचंबणा केली आहे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. दूरदर्शी माणूस धडधाकट असताना मुलाच्या वा मुलीच्या नावे रीतसर कुलमुखत्यारपत्र करून देतो आणि निश्चिंत होतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ प्रमाणे मात्र, अधिकार देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट झाली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तो दस्तऐवज केला तो दिवस उजाडताच दस्तऐवज निरुपयोगी! मग बँकेतील ठेव मोडता येत नाही, आजाऱ्याच्याच पैशातून आजाऱ्याचे औषध आणता येत नाही, घराचा व्यवहार अडतो, आणि पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करून वकिलांची फी भरावी लागते. ज्यांना ते परवडत नाही ते थरथरत्या बोटांचा अंगठा कागदावर उमटवून घेतात, आणि त्या वाटेने लबाड नातलगही शिरकाव करून घेतात. इंग्लंडमध्ये बुद्धी गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र १९८५ च्या कायद्याने आले, आणि २००५ च्या कायद्याने त्यास अधिक काटेकोर रूप मिळाले. मुखत्याराच्या वर्तनावर देखरेखीची व्यवस्थाही त्यात आहे.

करार आणि अभिकरण हे विषय संविधानाच्या समवर्ती सूचीतील असल्यामुळे दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, बुद्धी शाबूत असताना केलेले आणि दोन वैद्यांच्या दाखल्यानिशी नोंदविलेले मुखत्यारपत्र पुढेही अबाधित राहील, मुखत्याराने दरवर्षी जिल्हा न्यायालयास हिशेब सादर करावा, आणि अपहार झाल्यास त्यास कठोर शासन व्हावे, असा कायदा करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवावा. त्याचबरोबर प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्मृतिचिकित्सेचा बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून एक दिवस तरी चालवावा, आणि श्रवणयंत्रांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. आपल्या मतदारसंघातील आमदाराकडे ह्या तीन मागण्या लेखी पाठवाव्यात, अशी माझी वाचकांस विनंती आहे.